डाव्या चाकाचे निदान

२४ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.

वंदना झाली. पंचशील म्हणताना चौथ्या शीलावर, म्हणजे खोटे न बोलण्यावर, विशेष लक्ष दिले. मन प्रसन्न.

नंतर कारंज्याला व्याह्यांना फोन. धम्मदीपेला आठवा लागतो आहे. पहिले बाळंतपण माहेरी, हे ठरलेलेच आहे. मी शालिग्रामजींना सांगितले, पंधरा डिसेंबरला रविवार आहे, पौर्णिमाही आहे, मुराळी म्हणून मी स्वतः येतो आणि लेकीला घरच्या गाडीने शेलूबाजारला आणतो. शालिग्रामजी एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. त्यांना एसटी सोडून दुसरे कोणतेही वाहन खेळणे वाटते. म्हणाले, "गाडी बरी हाय ना, पुंजाजी? मांगच्या खेपेले आवाज करत होती." मी म्हटले, फर्स्ट क्लास.

फोन ठेवल्यावर चौथे शील आठवले. म्हणून गाडी काढली आणि एक चक्कर मारून आलो. खड्डा आला की पुढच्या डाव्या चाकापाशी कट-कट होते. स्टेअरिंगही थोडे डावीकडे ओढते. बाकी फर्स्ट क्लास. गाडी जुनी आहे, पण आमच्या मेडिकल ऑफिसर साहेबांनी वापरलेली. डॉक्टरांच्या हाताखालची गाडी आतून निरोगीच असणार.

संकल्प: पंधरा तारखेच्या आत आवाजाचे मूळ शोधणे. मी आरोग्यसेवक आहे. पंचवीस वर्षे लोकांचे ताप बघतो आहे. माणसे खोटे बोलतात तरी त्यांचा रोग सापडतो. गाडी तर खोटे बोलत नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार.

फय्याजच्या गॅरेजला गेलो. हायवेला लागूनच आहे. फय्याज गाडीखाली शिरला आणि दोन मिनिटांत बाहेर आला. म्हणाला, "लिंक रॉड गेला, भाऊ." दोन मिनिटांत! मी साध्या तापालासुद्धा जास्त वेळ देतो. जीभ बघतो, डोळे बघतो, शेजारी कोणाला ताप आहे का ते विचारतो.  त्याने वीतभर लांबीची एक दांडी बदलली. आवाज बंद. पेट्रोलपंपापर्यंत बंद होता. पंपाच्या पुढे सुरू.

परत गेलो. फय्याजने डोके खाजवले. म्हणाला, "मंग बॉल जॉइंट असन. म्या पहिले तेच बोलनार होतो." बॉल जॉइंट म्हणजे चाक ज्या गोळ्यावर फिरते तो सांधा, आपल्या खुब्यासारखा. सामान अकोल्याहून आणावे लागेल, चार दिवस गाडी ठेवून जा म्हणतो. वरून, "तोवर हिले पळवू नोका. हा सांधा सुटला ना, तं चाक आपल्या गावाले आन गाडी आपल्या गावाले."

घाबरवण्याची ही पद्धत मला ठाऊक आहे. आम्हीही उलटी-जुलाबाच्या साथीत अशीच भाषा वापरतो.

ज्याचे पहिले निदान चुकले त्याच्याकडे रोगी पुन्हा नेऊ नये. खरे म्हणजे लोकांना मी याच्या उलट सांगतो. पण ती माणसांची गोष्ट झाली. भंतेजी मागे विहारात म्हणाले होते, कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पडताळून बघा. तर संकल्पात दुरुस्ती: निदान मी करणार. फय्याजने फक्त पाने फिरवायचे, तेही मी सांगेन तेव्हा.

२८ नोव्हेंबर, गुरुवार.

प्रत्यक्ष तपासणी. बीपी मशीनसोबतचा स्टेथोस्कोप घरी आणला. (सरकारी आहे, पण वापर तपासणीसाठीच होतो आहे.) बॉनेट उघडले. सौ. अंजनाला म्हटले, तू पुढचा कोपरा दाबून सोड, दाबून सोड. मी नळी लावून ऐकतो. अंजना दाबत होती. मी शॉकअपच्या डोक्यावर ऐकले, मग खाली, मग आडव्या पत्र्यावर. प्रत्येक ठिकाणी एकच आवाज. धड-धड, धड-धड, अगदी नियमित. मी लिहूनही घेतले. मग लक्षात आले, गाडी तर बंद आहे. दाबून-दाबून अंजनाही थांबली होती. तो माझाच ठोका होता. वाकल्यामुळे वाढलेला.

गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. त्यांच्यासमोर अंजना म्हणाली, "काय लागले ठोके? कितवा महिना हाय गाडीले?"

बाया हसल्या. संशोधनात असे होतेच. मी शांत राहिलो. श्वासावर लक्ष ठेवले.

एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. उभ्या गाडीत दोष नाही.

१ डिसेंबर, रविवार.

शुक्रवारपासून उपचार सुरू केला आहे. उपचार म्हणजे पूर्ण आराम. कोणत्याही सांध्याच्या दुखण्यावर हेच पहिले औषध, आणि बॉल जॉइंट हा फय्याजच्याच म्हणण्याप्रमाणे सांधा आहे. गाडी अंगणात, सावलीत. वर जुनी चादर. सकाळी, दुपारी, संध्याकाळी जवळ जाऊन ऐकले.

आवाज शून्य.

इतका गुण येईल असे वाटले नव्हते. फय्याजने चार दिवस ठेवून घेतली असती तर त्यानेही आरामच दिला असता आणि वर सामान बदलले म्हणून सांगितले असते. अंजनाला म्हटले, बघ. अंजना म्हणते, "मांडीवर पोरगं झोपलं असलं तं रडतच नाही ना. उठवून पाहा."

तिला प्रत्येक गोष्टीत शंका. मन स्थिर नसले की असे होते. तिने दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला जावे, असे मी किती वर्षे सांगतो आहे.

३ डिसेंबर, मंगळवार.

आज गाडी कामावर काढली. तांड्यावर रक्तदाब तपासणीचे शिबिर होते. आमच्या आशाताई रामीबाई सोबत होत्या, पुढे डाव्या सीटवर. गावाबाहेर पडेपर्यंत उत्तम. फाट्याच्या पुढे रस्ता खराब. कट-कट सुरू, पण चार दिवसांच्या आरामामुळे आवाजात गोडवा आलेला होता. स्टेअरिंग मात्र चंचल. सरळ धरले तरी गाडी आधी डावीकडे जाते, सावरली तर उजवीकडे जाते. मला त्रास नाही. समोरून येणारे मोटारसायकलवाले आदराने रस्त्याखाली उतरत होते. ग्रामीण भागात आरोग्य खात्याचा अजून मान आहे.

रामीबाईंनी वाटेत दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. डोळे मिटलेले. मला वाटले, ध्यान. शिबिर संपल्यावर मी चला म्हटले तर म्हणाल्या, "नाई सर, मी पायीच येतो. मले अजून दोन लेकरं लग्नाची हायेत."

लग्नाच्या लेकरांचा आणि पायी चालण्याचा संबंध मला लागला नाही. पण चालणे तब्येतीला चांगले. त्यांचा रक्तदाबही आज वाढलेला निघाला. जातानाच मोजायला हवा होता.

४ डिसेंबर, बुधवार.

आज सकाळी ध्यानात बसलो असताना स्टेअरिंगचे कोडे आपोआप सुटले. गाडीची ओढ डावीकडे. आपण स्टेअरिंग सतत थोडे उजवीकडे धरून ठेवायचे. परिणाम, गाडी मधून जाते. ना या टोकाला, ना त्या टोकाला. मध्यम मार्ग.

दुपारी करून पाहिले. जमते. फक्त उजवा खांदा भरून येतो. हायवेवर एका ट्रॅक्टरवाल्याने ओव्हरटेक करताना खिडकीशी येऊन विचारले, "काका, झोप लागून राह्यली काय? चहा पेऊन घ्या." मी हसून हात केला. हात केला तेवढ्यात गाडी डावीकडे गेली. थोडीच. तूर होती कडेला, तिला काही झाले नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार.

महापरिनिर्वाण दिन. पहाटे आंघोळ, पांढरे कपडे. विहारापर्यंत पायी गेलो. गाडी न्यायची नाही असे ठरवले होते. सगळे बसलो, मेणबत्त्या लावल्या. माझे वडील अक्षर न ओळखणारे. त्यांनी मला शाळेत पाठवले, मी आरोग्य खात्यात लागलो, माझी मुलगी बीएस्सी झाली. हे सगळे एका माणसामुळे, हा विचार दरवर्षी येतो. यावर जास्त लिहीत नाही.

मौन सुरू झाले. पूर्ण शांतता. आणि त्या शांततेत मला ऐकू आले, कट-कट.

गाडी घरी, चादरीखाली. मी विहारात. तरी आवाज! मग अर्थ एकच. आवाज गाडीत नाही, मनात आहे. इतके दिवस मी बाहेर शोधत होतो. किती मोठी गोष्ट, आणि आजच्या दिवशी कळावी.

घरी येऊन अंजनाला सांगितले. बसत होतो तेवढ्यात पुन्हा कट-कट झाले. तिनेही ऐकले. म्हणाली, "मनात नाही, गुडघ्यात हाय. डाव्या. तुमचाबी सस्पेंशन गेला."

उठून-बसून पाहिले. खरे आहे. गुडघाच वाजतो. पण त्याने मूळ सिद्धांताला बाधा येत नाही.

८ डिसेंबर, रविवार.

निदान पूर्ण!

गाडी आतून झाडत होतो. पुढच्या डाव्या सीटखाली हात घातला तर मागच्या पोलिओ मोहिमेत हरवलेली स्टीलची टॉर्च. सीटच्या लोखंडी दांड्याला लागून सैल पडलेली. खड्डा आला की ती आपटणार, म्हणजे कट. परत पडणार, म्हणजे कट. डावी बाजू, पुढचा भाग, खड्ड्यातच आवाज. सगळी लक्षणे जुळतात.

टॉर्च काढून चक्कर मारली. आवाज बराच कमी. निम्म्याहून खाली आला असे म्हणता येईल. जो उरला आहे तो कानाच्या सवयीचा. रोग गेल्यावरही अशक्तपणा काही दिवस राहतो.

लगेच फय्याजला फोन करून सांगितले. विजयाच्या भावनेने नाही, त्याच्या माहितीसाठी. पुढे त्याच्याकडे कोणी असा रोगी आला तर आधी सीटखाली बघ, म्हटले. त्याने पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "भाऊ, टारच काढली ते बरं केलं. पन स्टेरिंग कायले हलते? त्याच्यातबी टारचच हाय काय?" मी म्हटले, स्टेअरिंगचा प्रश्न मी बुधवारीच सोडवला. "कसा?" म्हणतो. उजवीकडे धरून, असे सांगितले.  मग म्हणाला, "या अल्ला. माही पहिली दांडी चुकली, मानतो. पन बाईमानसाले बसवू नोका भाऊ त्याच्यात. आनून द्या, संध्याकायीच पाहातो."

चुकलेला माणूस लगेच हार मानत नाही. मी करुणेने ऐकून घेतले.

व्याह्यांनाही कळवले. शालिग्रामजी म्हणाले, "टॉर्च?" मी म्हटले, टॉर्च. "बरं," म्हणाले.

१० डिसेंबर, मंगळवार.

आज उपकेंद्रात गरोदर मातांची बैठक. नर्सबाई रजेवर, म्हणून बोलणे माझ्याकडे आले. फार चांगले झाले. धोक्याची लक्षणे समजावली. पायावर सूज, डोके दुखणे, डोळ्यांसमोर अंधारी. म्हटले, बाई गं, शरीर आधी हळू आवाजात सांगते. ऐकले नाही तर मोठ्याने सांगते. तेव्हा उशीर झालेला असतो. होईल बरे आपोआप, उद्या बघू, घरचे काय म्हणतील, असे करत घरी बसू नका. एकदा औषधाचा गुण आला नाही म्हणून दवाखाना सोडू नका, पुन्हा जा. घरातला शहाणा पुरुष काहीही सांगो, तुम्ही दवाखाना गाठा.

बाया एकाग्र होऊन ऐकत होत्या. एकीने तर डोळे पुसले. रामीबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. माझे बोलणे त्यांना आत कुठेतरी लागले असावे.

येताना गाडीत पुढून नवीन आवाज आला. किर्रर्र असा, वळताना. मोठ्याने येत होता, म्हणून वंदनेची रेकॉर्डिंग लावली. मग नाही आला.

१३ डिसेंबर, शुक्रवार. दुपार.

धम्मदीपेचा फोन. आधी इकडचे-तिकडचे. मग विचारले, बाबा, गाडी कशी आहे? मी म्हटले, फर्स्ट क्लास. ती म्हणाली, "बाबा, खरं सांगा. आईनं मले सगळं सांगतलं." मी म्हटले, आई घाबरते. तर ती म्हणाली, "मी घाबरत नाही. लहानपणी तुमच्या लुनावर मांगं बसून मी सगळा तालुका हिंडलो. पन आता मी एकटी नाही, बाबा."

यावर मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही.

फोन झाल्यावर अंगणात जाऊन गाडीकडे बघत उभा राहिलो. क्षणभर वाटले, न्यावी फय्याजकडे. निघालोही होतो. पण आज शुक्रवार, तो नमाजला गेलेला असणार. कोणाच्या प्रार्थनेत व्यत्यय आणू नये.

१४ डिसेंबर, शनिवार.

गॅरेजवरून चालत गेलो. फार गर्दी होती. एक ट्रॅक्टर उभा होता.

फय्याज ट्रॅक्टरखाली होता. तिथूनच ओरडला, "भाऊ, सामान आनून ठेवलं हाय! गाडी आना!" मी न सांगता सामान मागवले. याला म्हणतात चिकाटी. मी हाताने नंतर-नंतर अशी खूण केली. उद्या इतक्या महत्त्वाच्या कामाला जायचे आणि आज गाडीचे सांधे उघडायचे? प्रवासाच्या आदल्या दिवशी आम्ही कोणाला जुलाबाचे औषधसुद्धा देत नाही.

घरी येऊन गाडी धुतली. मागच्या सीटवर नवी शिवून आणलेली गादी टाकली, धम्मदीपेच्या कमरेसाठी उशी ठेवली. पाण्याची बाटली, प्लास्टिकची पिशवी, हातरुमाल, सगळे. आरशाला लहान निळा झेंडा लावला. गाडी लग्नातल्यासारखी दिसते आहे. अंजना दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "रंगवली लय सुंदर. चाकाचं काय केलं?" मी म्हटले, चाकही धुतले.

१५ डिसेंबर, रविवार. सकाळी ७.

पौर्णिमा. वंदना केली. आकाश स्वच्छ. निघतो आहोत. मन इतके शांत कधीच नव्हते. गुडघा थोडा वाजतो.

त्याच दिवशी, सकाळी ११. कारंजा.

पोचलो. व्याह्यांच्या ओसरीवर बसून लिहितो आहे. प्रवास छान. सावकाश आलो. पौर्णिमेच्या दिवशी जाणीवपूर्वक चालवावे असे ठरवले होते, म्हणून वेग कमी. तीन एसट्या, बरेच ट्रॅक्टर आणि एक लग्नाच्या बँडची गाडी पुढे गेली. बँडवाल्यांनी आमच्याकडे बघून दोन सूर वाजवले. अंजना सगळा वेळ मागे बसून त्रिशरण म्हणत होती. मोठ्याने. तिची श्रद्धा इतकी आहे हे मला माहीत नव्हते.

मध्यम मार्ग आज थोडा जास्त उजवीकडे धरावा लागला.

शालिग्रामजींनी गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या कोपऱ्यावर तळहात ठेवून एकदा दाबले.  "हात-पाय धुवा, जेवून घ्या," म्हणाले. धम्मदीपा छान दिसते. चेहऱ्यावर तेज आहे, पायावर सूज नाही, मी दाबून पाहिले. जेवणानंतर निघणार.

दुपारी ३.

काही लिहिण्यासारखे नाही.

१६ डिसेंबर, सोमवार. घरी.

काल लिहिले नाही. आज लिहितो. चौथे शील आहे म्हणून सगळे लिहितो.

जेवणे झाली. धम्मदीपेची ओटी भरली. गल्ली सगळी निरोप द्यायला दारात. कोणी डिंकाचे लाडू दिले, कोणी झबले-टोपडे. मी मागचे दार उघडून उभा राहिलो आणि म्हटले, बस बेटा. ती दारापर्यंत आली. एक हात दारावर, एक हात पोटावर. आणि थांबली. म्हणाली, "बाबा, गाडीचं तोंड तिकडं हाय. आधी वळवून घ्या. मंग बसतो."

मी म्हटले, तू बस, मग वळवतो. अंजना म्हणाली, "वळवा ना. तिले कायले हिसके?"  धम्मदीपा माझ्याकडे बघत राहिली. लुनावर मागे बसायची तेव्हा आरशात दिसायचे, तेच डोळे. मग हळूच म्हणाली, "उपकेंद्रात तुमी बायांले काय सांगता, बाबा? आधी तपासा, मंगच न्या."

सगळ्यांसमोर लेकीशी काय वाद घालायचा? मी एकटा बसलो. गल्ली अरुंद. मनात आले, आता यांना दाखवावे की गाडी कशी लोण्यासारखी वळते. शालिग्रामजी समोरच उभे होते, हात मागे बांधून. मी एका हाताने, ऐटीत, स्टेअरिंग पूर्ण फिरवले आणि मागे घेतली.

कडाड.

मग मी डावीकडे खाली गेलो. पुढचे डावे चाक झोपलेल्या माणसाच्या पायासारखे बाहेर पडले होते आणि गाडीने कोपऱ्यावर गुडघा टेकला होता. पूर्ण शांतता. मग आरशाला लावलेला निळा झेंडा हळूच सुटून माझ्या मांडीवर पडला. तो मी आधी उचलला, कपाळाला लावला, खिशात ठेवला.

दार तिरपे झाले होते. शालिग्रामजींनी हात धरून बाहेर काढले. बाहेर येताच पहिल्यांदा धम्मदीपेकडे पाहिले. ती ओसरीच्या पायरीवर, अंजनाच्या हातात हात. सुखरूप.

ती आत बसली असती, आणि हे गल्लीत न होता हायवेवर, ट्रकसमोर

हे वाक्य पुढे लिहिता येत नाही.

एका म्हाताऱ्या शेजारणीने विचारले, "काय झालं जी?" मी काही बोलणार तेवढ्यात अंजना म्हणाली, "काही नाही मावशी. टॉर्च अजून एक असन." गल्ली हसली. धम्मदीपा हसली, पोट धरून, इतकी की तिला बसवावे लागले. ती हसते आहे हे बघून मीही हसलो. मग मला रडू आले. ते मी चष्मा पुसताना आवरले.

आम्ही मेहकर एसटीने आलो. शालिग्रामजी सोबत आले. म्हणाले, "सून माही हाय, मीच पोचवतो." कंडक्टर त्यांच्या ओळखीचा. धम्मदीपेला पुढची सीट, खिडकीची. तिच्या कमरेला माझी उशी, खाली माझी गादी. शालिग्रामजी ड्रायव्हरच्या मागे उभे राहून प्रत्येक खड्ड्याआधी म्हणत होते, "हळू घे रे, लेकरू हाय." ड्रायव्हर घेत होता. मी डिंकाच्या लाडवांचा डबा धरून शेलूबाजारपर्यंत उभा. मुराळी मी, पण लेक घेऊन आले व्याही. अशी रीत कुठे ऐकली नाही.

गाडी व्याह्यांच्या दारात आहे. संध्याकाळी त्यांनी घरी फोन लावला तर गल्लीतल्या बायांनी तिच्यावर पापड वाळत घातले आहेत, असे कळले. शालिग्रामजी चहा पिता पिता म्हणाले, "लेक तुमची आनली आमी. आता तुमची गाडी आमच्या घरी माहेरपनाले हाय. मुराळी पाठवा तिले न्यायले." म्हणून फय्याज बुधवारी जाणार आहे, सामान घेऊन. मी त्याला फोन केला. तो एकदाही हसला नाही. फक्त विचारले, "पोरगी बरी हाय ना भाऊ?" बरी आहे, म्हटले. मग मी त्याला सांगितले की, तुझे दुसरे निदान बरोबर होते. हे सांगायला मला वेळ लागला. तो म्हणाला, "आन पहिलं चुकलं होतं, भाऊ. नाईतं तुमी ऐकलं असतं."

ऐकले असते का? यावर ध्यानात बसून विचार केला पाहिजे.

संकल्प: यापुढे लहान आवाजाकडे दुर्लक्ष करायचे नाही. वेळीच जाणकाराकडे जायचे. स्वतः निदान करायचे नाही. हे आज विहारात बुद्धमूर्तीसमोर मनोमन ठरवले. ठरवून उठताना डावा गुडघा इतक्या मोठ्याने वाजला की पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिले. धम्मदीपा म्हणते, बाबा, उद्याच वाशीमला हाडाच्या डॉक्टरला दाखवा.

काही नाही त्याला. शुक्रवारपर्यंत आराम दिला की आवाज बंद होतो.